फॉल्ट दिसत नाही

आमच्या पार्किंगमधल्या खांबावर एक पांढरा डबा आहे. हातभर उंचीचा. त्याच्या बाजूला जाड काळी केबल वेटोळं करून लटकवलेली, मधोमध मिणमिणता हिरवा दिवा आणि वर एका कंपनीचं चकचकीत नाव. खाली उभी असते ती गाडी मात्र दुसऱ्याच कंपनीची. समोरच्या इमारतीतले एक काका फिरायला जाताना थबकतात आणि विचारतात, "अहो, चालतं का असं?" चालतं. घरी चार्ज करायच्या प्लगचा आकार हल्ली आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रिक मोटारींना एकच असतो. टाइप टू म्हणतात त्याला. विजेला कंपनीशी घेणंदेणं नाही. काकांना हे पटतं, ते मान डोलावतात आणि पुन्हा भेटले की पुन्हा विचारतात.

नवी कंपनी नवा डबा द्यायला तयार होती. मीच नको म्हटलं. पहिला डबा बसवण्यासाठी सोसायटीच्या वार्षिक सभेत जे झालं होतं ते पुन्हा करायची हिंमत नव्हती. "वीज कोणाच्या मीटरवर?" पासून "रात्री पेटली म्हणजे?" पर्यंत सगळे प्रश्न आले, मधेच कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला, आणि चहा गार झाल्यावर परवानगी मिळाली. मग महावितरणचं वेगळं मीटर, मीटर रूमपासून खांबापर्यंत भिंतीवरून पाइप, आणि अर्थिंगसाठी खड्डा. त्या खड्ड्यात कोळसा नि मीठ भरतात हे मला तोवर माहीत नव्हतं. माळीकाकांना ते मीठ अजिबात रुचलं नाही. शेजारी त्यांनी जिवापाड वाढवलेला अनंत होता. ते खड्ड्यापाशी कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि इलेक्ट्रिशियनला म्हणाले, "झाड मेलं तर तुझ्या दारात आणून टाकीन." झाड जगलं. पहिली गाडी गेली.

गाडी विकली तेव्हा ओळखीपाळखीतल्या अर्ध्या लोकांना मनापासून आनंद झाला. "म्हटलं होतं ना, इलेक्ट्रिकचं काही खरं नाही." मग त्याच जागी दुसरी इलेक्ट्रिक येऊन उभी राहिली, तशीच हिरवी पाटी, त्यावर पांढरी अक्षरं, आणि ही मंडळी गोंधळली. एखाद्या डॉक्टरचं औषध लागू पडलं नाही म्हणून आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, थेट अंगारा घ्यायला जात नाही, एवढंच मी केलं होतं. पण इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत लोक अजून कंपनी आणि वीज यांत फरक करत नाहीत. पेट्रोलची गाडी बिघडली तर ती गाडी वाईट. इलेक्ट्रिक बिघडली तर वीजच वाईट.

कंपन्यांची नावं इथे घेत नाही. तक्रार जिथे करायची तिथे केली. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर माझ्या मुलीलाही पाठ झाला.

खरं तर पहिल्या गाडीवर माझा जीव होता. पुण्यात गाडी चालवणं म्हणजे दुचाक्यांच्या लोंढ्यात क्लच दाबत-सोडत घोट्याचं भजं करून घेणं. तो क्लच गेला, गिअर गेला, इंजिनाची घरघर गेली. सिग्नलला उभं राहिलं की शेजारच्या रिक्षातलं बोलणं ऐकू यायला लागलं. एकदा तर एका रिक्षात बसलेल्या आजी नातवाला सुनेचं जे काही सांगत होत्या ते सिग्नल सुटेपर्यंत सगळं ऐकलं. उतारावर पाय उचलला की गाडी आपली आपण मंदावते, मोटर उलटी जनरेटर होते आणि चाकांची ओढ बॅटरीत परत जाते. खंडाळ्याचा घाट उतरताना टक्का कमी होण्याऐवजी वाढलेला पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शेजारी बसलेल्या नवऱ्याला खांद्याला धरून हलवलं होतं. तो झोपलेला होता. त्याला फारसं कौतुक वाटलं नाही.

बिनसायला सुरुवात झाली ती एका अगदी फालतू गोष्टीवरून. सकाळी खाली गेले तर गाडी उघडेना. किल्लीचं बटण दाबलं, दिवे लागले नाहीत, आरसे उघडले नाहीत. रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी, तिच्या पोटात तीसेक युनिट वीज, म्हणजे आमच्या घराचे फ्रिज-पंखे-दिवे काही दिवस चालतील इतकी. आणि दार उघडायला ताकद नाही. कारण अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी खाली पसरलेली, शेकडो व्होल्टची. आणि बॉनेटखाली एक छोटी, बारा व्होल्टची, शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींत असायची तसल्याच जातीची. कुलूप, दिवे, पडदा, काँप्युटर सगळं या छोटीवर. मोठीची वीज मोटरपर्यंत सोडणारे स्विचही छोटीच्या हुकमाशिवाय जुळत नाहीत. छोटी मेली की मोठी भरलेली असून उपाशी.

वॉचमनने फाटकाबाहेरून एक रिक्षा बोलावून आणली. किल्लीच्या आतून एक पातळ पातं निघतं, ते दाराच्या मुठीवरच्या झाकणामागच्या भोकात घालून मी दार उघडलं, बॉनेट वर केलं. रिक्षावाल्याने आपल्या सीटखालची बॅटरी काढली, लाल-काळ्या वायरी लावल्या. आत डोकावून छोटी बॅटरी पाहून म्हणाला, "एवढुशीच? माझ्या रिक्षाएवढीच की हो ताई!" गाडीचा पडदा उजळला, कसलंसं मंजूळ वाद्य वाजवून तिने माझं स्वागत केलं. रिक्षावाला पैसे घेईना. इलेक्ट्रिक गाडीला रिक्षाने धक्का दिला हे सांगायला मिळालं, त्यातच त्याचं भागलं होतं.

सर्व्हिस सेंटर बाकी देखणं. काचेची भिंत, थंडगार हवा, कॉफीचं यंत्र, भिंतीवरच्या टीव्हीवर कायम कुठल्यातरी डोंगरातून धावणारी तीच गाडी. ॲडव्हायझर नावाचा मुलगा हातात टॅब घेऊन आला. विनयशील इतका की त्याच्यावर चिडणं पाप वाटावं. "सर आलेत का, मॅडम?" हा पहिला प्रश्न. गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मीच, हे सांगितल्यावर तो थोडा खजील झाला. गाडी आत गेली. आत म्हणजे कुठे, ते दिसत नाही. ग्राहकाला तिकडे जायची मनाई. संध्याकाळी गाडी धुऊन पुसून बाहेर आली. "चेक केलं मॅडम. फॉल्ट दिसत नाही. सॉफ्टवेअर अपडेट मारलंय." मग आवाज खाली आणून, "कंपनीकडून फोन येईल. दहापैकी दहा द्या, प्लीज. नऊ दिले तरी मला धरतात."

दहापैकी दहा दिले. त्याचा काय दोष?

पण 'फॉल्ट दिसत नाही' हे वाक्य मला नंतर इतक्यांदा ऐकावं लागलं की घरात त्याची म्हण झाली. मुलीला गणितात कमी मार्क पडले तेव्हा तिने प्रगतिपुस्तक पुढे करून हेच म्हटलं.

माझ्या लहानपणी आमच्याकडे फियाट होती. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती. गिअर स्टिअरिंगला चिकटलेला, थंडीत चोक ओढल्याशिवाय उठणार नाही, आणि उठली की सगळ्या वाड्याला कळणार. तिचे मिस्त्री कर्वे रोडमागच्या एका गल्लीत कडुनिंबाखाली बसत. गॅरेज म्हणजे झाड, एक पत्र्याची पेटी आणि रॉकेलची परात. बाबा गाडी नेत आणि काय झालंय ते तोंडाने करून दाखवत. खर्रर्र, टक्-टक्, असे आवाज. बँकेतला एवढा गंभीर माणूस, पण मिस्त्रींपुढे गाडीचा आवाज काढताना अजिबात लाजत नसे. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे. टोक जरा पुढे सरकवायचे. पुन्हा ऐकायचे. मग म्हणायचे, "साहेब, तिसऱ्या नंबरचं टॅपेट." कधी कार्ब्युरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकायचे, पेट्रोलची चव लागली की बाजूला थुंकायचे. निदान चुकलं तर तसं सांगायचे. "मागल्या खेपेला माझ्या ध्यानात नाही आलं," असं म्हणायचे, आणि बाबा हसून मान हलवायचे.

तेव्हा गाडी बदलायचा विचार कुणी केला नाही याचं श्रेय मात्र प्रेमाला देण्यात अर्थ नाही. बदलणार कशाशी? फियाट, अँबॅसिडर, स्टँडर्ड, संपलं. चेतक स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. आई सांगते, मुलाच्या नावावर चेतकचा नंबर लागलाय हे स्थळाच्या माहितीत आवर्जून सांगितलं जाई. 1983च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि ज्यांनी फियाटवर जन्मभराची निष्ठा सांगितली होती त्यांनी बघता बघता निष्ठा मारुतीच्या रांगेत नेऊन उभी केली. आमच्या बाबांनीही. मिस्त्रींनी त्यावर एवढंच विचारलं म्हणतात, "हिचं काम करता येईल का मला?" करता आलं. त्यांनी तीही गाडी कानाने शिकून घेतली.

आजच्या मिस्त्रीला हे जमणार नाही, आणि त्यात त्याचा कमीपणा नाही. इलेक्ट्रिक गाडीखालून जाणाऱ्या नारिंगी केबल्समध्ये माणूस जागच्या जागी मरेल इतका दाब असतो. नारिंगी रंग त्यासाठीच, हात लावू नका. कडुनिंबाखाली ते उघडून बसणं वेडेपणा आहे. हे मला मान्य आहे. पण हात लावायचा नाही म्हणजे बघायचंही नाही, असं कुणी ठरवलं? ही गाडी स्वतःविषयी क्षणाक्षणाची नोंद ठेवते. कुठल्या सेलचं तापमान किती, कुठला दमलाय, कुठला ताजा आहे. ती नोंद कंपनीला जाते. पैसे मोजून गाडी घेतलेल्या माणसाला दिसतो फक्त एक टक्का.

त्या टक्क्याने एकदा चांगलाच हात दाखवला. आईला घेऊन कोल्हापूरला निघाले होते, नोव्हेंबरात. खंबाटकी चढून उतरलो, सातारा मागे पडला, आता कऱ्हाडला चार्ज करायचं, असा आमचा बेत. उंब्रजच्या अलीकडे पडद्यावर 22 टक्के होते. एका ट्रकला मागे टाकून पुन्हा पाहिलं तर 9. डोळे चोळून पाहिलं तर 8. मग पडद्यावर एक छोटं कासव उगवलं. गाडी म्हणाली की आता मी हळू चालणार. एसी बंद केला, काचा खाली केल्या, डावीकडच्या कडेने रखडत निघालो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागून आला, ठो ठो गाणं वाजवत आम्हाला ओलांडून पुढे गेला. ट्रॉलीवर बसलेल्या पोराने एक कांडं आमच्या दिशेने हलवलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोचतो ना गं?" मी हो म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

असं का होतं, ते मी नंतर वाचून काढलं. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून हल्ली पुष्कळ गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या येतात. तापमान सोसतात, कोबाल्ट-निकेल लागत नाही, वर्षानुवर्षं चालतात. त्यांची एकच खोड. भरलेल्या असोत की निम्म्या, व्होल्टेज जवळजवळ तेवढंच. त्यामुळे आत किती उरलंय ते बाहेरून कळत नाही. गॅसच्या सिलिंडरचं हेच असतं, ज्योत शेवटपर्यंत सारखी आणि मग ऐन फोडणीच्या वेळी फुस्स. मग काँप्युटर किती करंट आत गेला, किती बाहेर पडला याचा हिशेब मांडत राहतो. हिशेबात बारीक चूक साठत जाते. पूर्ण शंभरापर्यंत चार्ज केलं की हिशेब पुन्हा जुळतो. शिवाय शंभरेक सेल एकामागे एक जोडलेले, त्यातला एक जरी आधी रिकामा झाला तरी बाकीच्यांना थांबावंच लागतं.

हे वाचण्याआधी मला ते डोळ्यांनी पाहायला मिळालं. कऱ्हाडच्या अलीकडे एका हॉटेलमागे चार्जर होता, तिथे कसेबसे पोचलो. आमच्या आधी एका टॅक्सीवाल्याची गाडी लागलेली. माझ्याच गाडीचं भावंड. विशीतला मुलगा, पायात स्लिपर, मिसळ खाऊन हात पुसत आला. काय झालं ते ऐकून म्हणाला, "आठवड्यातून एकदा शंभर करता का ताई?" करते म्हटलं. "मग एखादा सेल बसलाय." त्याने आपल्या गाडीच्या स्टिअरिंगखाली वाकून आगपेटीएवढी एक वस्तू उपटून आणली, ऑनलाइन मागवलेली, ती माझ्या गाडीत तशाच जागी खोचली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर बारीक हिरव्या पट्ट्यांची रांग. सगळ्या जवळजवळ एका उंचीच्या, तीनला थोडं वर. मधेच एक पट्टी खुजी. दोन पूर्णांक आठ-नऊ. बोटाचं टोक तिच्यावर ठेवून तो म्हणाला, "ही बघा. ही बया."

आई चष्मा वर करून वाकून बघत होती. "दिसतंय की," ती म्हणाली.

त्या फोटोसकट मी सर्व्हिस सेंटरला गेले. विनयशील मुलाने फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "मॅडम, बाहेरचं डिव्हाइस लावू नका, वॉरंटी जाईल." गाडी पुन्हा काचेच्या भिंतीपलीकडे गेली. पुन्हा धुऊन आली. उत्तर तुम्हाला माहीत आहे. वॉरंटी आठ वर्षांची, पण तिच्यात मोजायचं ते एकूण क्षमता किती उरली एवढंच. वाटेत अचानक टक्का कोसळला तर ते लिहायला फॉर्मवर रकानाच नाही. ज्याला रकाना नाही ते घडलेलं नाही.

मी चिडले ती त्या दिवशी. बिघाडावर फारशी नाही. नवी यंत्रं बिघडणारच, त्यांना शिकायला वेळ लागतो, आणि पहिल्या फळीतल्या गिऱ्हाइकांनी ते सोसायचं असतं हे गृहीत धरूनच गाडी घेतली होती. एक सेल बसला, मान्य, बदला किंवा नाही बदलता येत म्हणा. पण माझ्या आईला चष्म्यातून दिसलेली गोष्ट एवढ्या मोठ्या कंपनीला दिसत नाही, हे काही मला गिळवेना.

विकताना गाडीतली आमची ओळख पुसावी लागली. नकाशात 'घर' होतं, 'आई' होतं, 'शाळा' होतं. एकेक काढलं. मोबाइलवरचं ॲप काढायचं मात्र राहिलं, म्हणजे काढायला गेले तर गाडी माझ्या नावावरून सुटेना. कंपनीला कळवलं. "प्रोसेसमध्ये आहे, मॅडम." मधे कितीतरी दिवस ते ॲप मला इमानेइतबारे सांगत राहिलं की गाडी आता सांगलीत आहे. आता चार्जिंगला लागली. आता दार उघडं राहिलंय. एकदा पहाटे ती मिरजेच्या रेल्वे स्टेशनजवळ होती. कुणाला तरी आणायला गेली असेल, पुणे-मिरज मार्गावर उशिरा धावणाऱ्या कुठल्याशा गाडीला. अनोळखी माणसाच्या घरात असं डोकावत राहणं मला बरं वाटेना, पण बंद करायचं बटणही माझ्याकडे नव्हतं. शेवटी मोबाइलवरून ॲपच उडवलं. फॉल्ट न दिसणाऱ्या कंपनीला गाडी कुठे आहे ते दाराच्या फटीपर्यंत दिसत होतं.

कंपनीवरच्या निष्ठेचा विषय निघाला की मला क्लारा फोर्ड आठवते. हेन्री फोर्डची बायको. 1908 पासून नवऱ्याने मॉडेल टी काढून अख्ख्या अमेरिकेला पेट्रोलच्या गाडीत बसवलं, आणि ही बाई स्वतः हिंडायची ती डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाच्या परक्या कंपनीच्या विजेच्या गाडीतून. घरच्या गाडीला पुढून हँडल मारावं लागे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. धूर, वास, थरथर वेगळीच. विजेच्या गाडीत नीट कपडे करून बसावं आणि निघावं. नवऱ्याने यावर काय म्हटलं असेल, देव जाणे, पण गाडी तिला मिळत राहिली. पुढे 1912 साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर बसला, हँडल मारायचं उरलं नाही, आणि पेट्रोलची गाडी बायकांनाही चालवता येईल अशी झाली. छोट्या बॅटरीने मोठ्या बॅटरीचा काटा काढला तो असा. माझ्या पार्किंगमध्ये त्या सकाळी जे झालं त्याला शंभर वर्षांची परंपरा होती.

दुसरी गाडी घेताना मी शोरूमला सगळ्यात शेवटी गेले. आधी वर्कशॉप. मागच्या गेटने, सोमवारी सकाळी, कारण रविवारभर बिघडलेल्या गाड्या सोमवारी येतात. दोन ठिकाणी हाकललं. तिसऱ्या ठिकाणी फोरमन हात धूत होता. त्याला म्हटलं, गाडी घ्यायचीय, पण आधी तुमच्याशी बोलायचंय. तो हसला आणि आत घेऊन गेला. जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेला चौकोन, साखळी लावलेली. आत एक गाडी उचललेली, तिचं पोट उघडं, नारिंगी केबल्स बाहेर. खाली काम करणाऱ्या माणसाच्या हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, त्यावर चामड्याचे. साखळीच्या बाहेर दुसरा नुसता उभा, हातात लांब दांड्याचा आकडा. "तो कशाला?" मी विचारलं. "आतल्याला चिकटून शॉक बसला तर ओढायला," फोरमन म्हणाला. "एकट्याने काम करू देत नाही." मी त्याला त्या खुज्या पट्टीचा फोटो दाखवला, कुठल्या कंपनीच्या गाडीचा ते न सांगता. त्याने फोन हातात घेतला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "सेल गेलाय हा." रेंज किती, पडदा किती इंची, छत काचेचं आहे का, हे मी नंतर विचारलं. तोवर गाडी घेऊन झाली होती.

नवीन गाडी काही स्वर्गातून उतरलेली नाही. तिच्या एसीची हवा कुठल्या दिशेने सोडायची हेसुद्धा पडद्यावर बोट फिरवून सांगावं लागतं, पावसात चालू गाडीत हे करून दाखवा म्हणावं त्या डिझायनरला. माझा हात अजून जुन्या जागी गिअरचं गोल बटण शोधतो. पाय उचलल्यावर ही जुनीपेक्षा जोरात मंदावते, त्यामुळे सुरुवातीला आईचं डोकं पुढे यायचं आणि ती देवाचं नाव घ्यायची. आणि हिच्यातही बिघाड झालाच. चार्जिंगची गन तोंडात अडकून बसली, निघेचना. फोरमनला फोन लावला. त्याने फोनवरच सांगितलं, बॉनेट उघडा, डाव्या कडेला हात घाला, एक दोरी लागेल, ओढा. ओढली. गन सुटली. "कुलपाची मोटर खराब निघतेय या लॉटमध्ये," तो म्हणाला. "फॉल्ट आहे. बदलून देतो, पण पार्टला वेळ लागेल." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याचे आभार मानले. खराब पार्ट बसवल्याबद्दल आभार मानणारी मी पहिलीच असेन. पार्ट यायला त्याने सांगितलं त्याच्या दुप्पट वेळ लागला. मधे त्याचा फोन आला, अजून आलेला नाही, दोरीवर भागवा.

अनंताला यंदा फुलं भरपूर आली. माळीकाका त्याचं श्रेय मिठाला द्यायला तयार नाहीत.

ओळखीचे लोक आता वेगळं विचारतात, कंपनी बदललीस, मग फरक पडला का? पडला. बदलली ते बरं केलं. हीही कंपनी उद्या 'फॉल्ट दिसत नाही' म्हणायला लागली तर तिसरी बघेन, डबा आहेच खांबावर. पेट्रोलकडे मात्र परत जाणार नाही.